धाकटीचा आकडा

फ्लास्कमधलं लालसर पाणी निळ्याकडे झुकायला दोन-तीन थेंब उरले असतील, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून धाकटी म्हणाली, "ताई, माझ्यावर दोन लाख अठरा हजारांचं कर्ज आहे." आज पंखा आवाज करतोय, असं सांगावं त्या सुरात. ताईचा हात थांबला नाही. तो कधी थांबत नसे आणि कधी घसरतही नसे, म्हणून तर पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळे तिला थेंबताई म्हणत. पुढे नुसतं ताई उरलं. पण त्या दिवशी, बावीस तारखेला, ब्युरेटमधून दोन थेंब जास्तीचे गेले. पाणी एकदा निळं झालं की पुढे कितीही थेंब टाका, ते निळंच राहतं. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. ताईला कळलं. तिने फ्लास्क बेसिनमध्ये रिकामा केला, वहीतल्या रीडिंगवर आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि तोच नमुना पुन्हा घेतला. सहा वर्षांत अशी रेघ मारण्याची तिची ही पहिलीच वेळ.

धाकटी सगळ्यांत शेवटी नोकरीला लागली म्हणून धाकटी. वय चोवीस, करार वर्षाचा, तो या महिन्याच्या तीस तारखेला संपणार आणि नवा होणार, असं सगळे धरून चालले होते. ती पिपेट धूत धूत पुढचं सांगत राहिली. आधी फोन घेतला हप्त्यांवर, मग खोलीचं डिपॉझिट, मग कर्ज देणाऱ्या पहिल्या ॲपचे हप्ते भरायला दुसरं ॲप, दुसऱ्याचे भरायला तिसरं. याची टोपी त्याच्या डोक्यावर, आणि आता डोकी संपली, असं म्हणून ती हसलीसुद्धा. ताई म्हणाली, "बरं." मग हे फारच कोरडं झालं असं वाटून म्हणाली, "फिटेल हळूहळू." धाकटीने मान हलवली, बाटल्यांवरची लेबलं पुसली आणि फिनॉलच्या वासाची तक्रार करत खिडकी उघडायला गेली. तिने काही मागितलं नाही. उसने द्या म्हणाली नाही, काय करू म्हणाली नाही, डोळ्यांत पाणीही नव्हतं. ताईला हेच खटकलं. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं आणि विषय संपला असता. न मागता सांगितलेली गोष्ट टेबलावर ठेवलेल्या बिनलेबलच्या बाटलीसारखी असते. ती कुणाची, कशासाठी, हे कळेपर्यंत हलवता येत नाही आणि ओतूनही देता येत नाही.

मला का सांगितलं, हा प्रश्न घेऊन ताई त्या संध्याकाळी घरी गेली. बसमध्ये उभं असताना, जिना चढताना, दाराचं कुलूप काढताना तो प्रश्न बरोबर होता. अशा सांगण्याशी तिची ओळख जुनी होती. ती अकरा वर्षांची असताना वडिलांनी तिला शाळेत सोडताना स्कूटर मधेच कडेला घेतली होती. इंजिन बंद केलं, पण दोन्ही हात मुठींवरच ठेवले, आणि समोर रस्त्याकडे पाहत सांगितलं की आपल्यावर कर्ज आहे. आईला कळता कामा नये. "फक्त तुलाच सांगतोय. तू समजूतदार आहेस." त्या वाक्यातलं कर्ज तिला तेव्हा नीट कळलं नाही, पण फक्त तुलाच हे दोन शब्द पदकासारखे तिने वर्षभर छातीवर वागवले. बूट चावत होते तरी नवे मागितले नाहीत. सहलीच्या वर्गणीची चिठ्ठी दप्तरातच चुरगाळली. रात्री आई हसली की तिला आईची कीव येई. पुढे शिष्यवृत्तीचे पैसे आले तेव्हा वडिलांना फार काही बोलावं लागलं नाही. त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि तिने पाकीट दिलं. आणि वडील गेल्यानंतर, कागदपत्रं आवरताना, थोरला भाऊ गहिवरून म्हणाला होता, "मला एकट्यालाच माहीत होतं गं. फक्त तुलाच सांगतोय म्हणाले होते." आत्यालाही तसंच. शेजारच्या शिंप्यालाही. तेच शब्द, त्याच क्रमाने, प्रत्येकाला. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. कर्ज सांगणं ही पेरणीआधीची नांगरट असते. माणूस आधी जमीन भुसभुशीत करतो. बी मागून येतं.

पण धाकटीच्या बाबतीत बी कोणतं, ते उमगत नव्हतं. ताईकडे पैसे नव्हते, हे कपड्यांवरून, डब्यावरून, कुणालाही दिसण्यासारखं होतं. नव्हते याचं कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. भावाने दुकान काढलं तेव्हा ती जामीन राहिली होती. दुकान आठ महिन्यांत बसलं, भाऊ दुसऱ्या गावी नोकरीला गेला, फोन उचलेनासा झाला, आणि तीन लाख चाळीस हजारांची बाकी तिच्या नावावर येऊन बसली. आईला वाटे, मुलगी काटकसरी आहे. प्रयोगशाळेतल्यांना वाटे, चिकट आहे. ताईने दोन्ही समज सांभाळले होते. आणि नेमक्या याच महिन्यात प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी जाहीर केलं की कारखान्यांच्या सांडपाण्याच्या अहवालांवर सही करायला आता एक वेगळी व्यक्ती नेमायची आहे. पगार जवळजवळ दीडपट. सगळ्यांच्या नजरा ताईकडे वळल्या होत्या. थेंब चुकत नाही ती सही चुकणार नाही. अट एकच. सही करणाऱ्याने घोषणापत्र भरून द्यायचं, त्यात एक रकाना: कर्ज, जामीनकी व इतर देणी. कुठल्याशा प्रयोगशाळेत म्हणे एका कारखानदाराने सही करणाऱ्याचे घराचे हप्ते भरून टाकले होते आणि दोन वर्षं नदीत काय जात होतं ते कुणाला कळलं नव्हतं. सर म्हणाले, देणेकऱ्याची सही मला चालणार नाही. तो कागद ताईच्या ड्रॉवरमध्ये पंधरा दिवस तसाच होता. वाढलेल्या पगारात दोन वर्षांत सगळं फिटलं असतं. आणि कर्ज आहे असं लिहिलं तर तो पगार मिळणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी धातू मोजायच्या यंत्रावर काम करताना तिला एकदम सुचलं आणि तिचे कान तापले. घाण पाण्यात शिसं किती, हे थेट कळत नाही तेव्हा एक युक्ती करतात. आपल्याला माहीत असलेली मात्रा मुद्दाम त्या पाण्यात घालायची आणि यंत्राचा काटा किती उसळतो ते बघायचं. ज्ञात घालून अज्ञात काढायचं. धाकटीने तेच केलं नव्हतं का? आपलं कर्ज ताईच्या कानात घातलं आणि समोरून किती उसळतं ते बघत पिपेट धूत राहिली. "अगं, माझ्यावर पण आहे," एवढं ताई बोलली असती की संपलं. आणि ही युक्ती धाकटीची नव्हे, तिला यंत्र चालवता येत नव्हतं. ही सरांची. सरांना असल्या परीक्षांची हौसच होती. महिन्यातून एकदा ते एकच पाणी दोन बाटल्यांत भरून, दोन वेगळे नंबर घालून बाकीच्या नमुन्यांत सोडून देत. आंधळा नमुना. तपासणाऱ्याचे दोन निकाल जुळले तर तो प्रामाणिक. आणि ज्याला आधीच ओळखू येई तो सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगे, "सर, सतरा आणि बावीस एकच पाणी." मग सर दात न दाखवता हसत आणि ड्रॉवरमधून पेपरमिंटची गोळी काढून देत. सहा वर्षांत ताईने अशा एकोणीस गोळ्या मिळवल्या होत्या.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते तिलाही आठवलं. आपण उगाच सुतावरून स्वर्ग गाठतोय, असं म्हणून तिने तो विचार दोनदा बाजूला ठेवला. पण त्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, नमुन्यांची व्हॅन चालवणारे ड्रायव्हरकाका बाटल्यांचे खोके घेऊन वर आले आणि धाकटी जागेवर नाही असं बघून, खोकं ठेवता ठेवता हलक्या आवाजात म्हणाले की पोरीचं काहीतरी बघायला हवं. चार तारखेला, रविवारच्या जादा फेरीत, व्हॅन बंद पडली होती ना, तेव्हा दोघं तास-दीड तास रस्त्याच्या कडेला बसून होते, तेव्हा बोलली. "एक लाख एक्याण्णव हजार, ताई. या वयात आम्हाला एवढा आकडा लिहितासुद्धा येत नव्हता. कुणाला बोलू नका हं, विश्वासाने सांगितलंय." ताईने विचारलं, किती? काकांनी पुन्हा तेच सांगितलं, एक लाख एक्याण्णव. शनिवारी ताई स्वतःहून अहवाल टाइप करणाऱ्या बाईंच्या खोलीत गेली. बाईंना बोलतं करायला काही लागत नाही, खुर्ची ओढली तरी पुरतं. पगाराच्या स्लिपा वाटल्या त्या दिवशी, म्हणजे बारा तारखेला, धाकटी त्यांच्याजवळही बोलली होती. दोन लाख तीन हजार. बाईंनी तिला एका पतपेढीचा पत्ताही देऊ केला होता, पण तिने तो घेतला नव्हता. "सल्ला नको असतो गं यांना," बाई म्हणाल्या. "नुसतं ओझं उतरवून ठेवतात आपल्या दारात, आणि जातात निघून हात झटकत."

तीन माणसं, तीन आकडे. ताईला जवळजवळ आनंद झाला. गेले दोन दिवस जे नुसतं खुपत होतं त्याला आकार आला. एक्याण्णव, तीन, अठरा. प्रत्येकाला वेगळी खूण घालून दिलेली, म्हणजे जो आकडा फिरत फिरत परत येईल त्यावरून कळावं की भांडं कुठे गळतं. हे आंधळ्या नमुन्याच्याही पुढचं होतं. ज्याला सही द्यायची तो तोंडाचा घट्ट आहे की नाही, आणि त्याच्या पोटात काय आहे, दोन्ही एकाच वेळी. धाकटीवर कर्ज नव्हतंच. खऱ्या कर्जाचा आकडा माणसागणिक बदलत नाही; तिचा स्वतःचा तीन लाख चाळीस हजार झोपेत विचारला असता तरी तोच आला असता. रविवारी तिने आईशी नीट बोलणं केलं नाही. कपडे वाळत घालताना, दोरीवर चिमटे लावताना, धाकटीचं हसू तिच्या डोळ्यांपुढे येत होतं, टोपी आणि डोकी, आणि त्या हसण्याची तिला चीड येत होती. वडिलांनी निदान स्वतःसाठी केलं होतं.

सोमवारी, सव्वीस तारखेला, ती सरांच्या केबिनमध्ये गेली. दार लोटून घेतलं. उभ्यानेच म्हणाली, "सर, ओळखलं मी. तिन्ही एकच पाणी आहे." सरांनी चष्मा वर केला. या महिन्यात तर त्यांनी काहीच टाकलं नव्हतं, असं म्हणाले. मग ताईने सगळं सांगितलं, क्रमाने, नेमकेपणाने, रीडिंग वाचून दाखवावं तसं. ड्रायव्हरकाकांना एवढा आकडा, बाईंना एवढा, तिला एवढा. धाकटीने काम चांगलं केलं, पण आकडे वेगळे ठेवायला नको होते. बोलत असताना तिची नजर सरांच्या ड्रॉवरवर होती. तो उघडला नाही. सरांनी बोटं टेबलावर एकमेकांत गुंतवली.

"मी कशाला असलं काही करीन?" ते म्हणाले. "तिच्यावर कर्ज आहे?"

बाहेर कुणीतरी नळ सोडला होता आणि पाणी रिकाम्या बादलीत पडत होतं, बादली भरत येऊन आवाज बदलेपर्यंत ताई तशीच उभी होती. सरांनी तिला आकडे पुन्हा विचारले. तिने सांगितले. आता मागे घेता येण्यासारखं नव्हतं, आणि नेमकेपणाची सवय जिभेला होतीच. सरांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर ते लिहून घेतले, एकाखाली एक, आणि म्हणाले, बरं झालं सांगितलंत. कारखान्यांच्या बाटल्या तिच्या हातून जातात. मग, ती दारापाशी पोचल्यावर, तुमचं घोषणापत्र राहिलंय, एवढंच. ताई जागेवर आली. ड्रॉवरमधून कागद काढला. कर्ज, जामीनकी व इतर देणी या रकान्यात तिने स्वच्छ अक्षरात निरंक लिहिलं आणि खाली सही केली. पंधरा दिवस जे जमलं नव्हतं ते एका मिनिटात झालं. तिचा हात जराही हलला नाही.

तारीख घालायची राहिली, म्हणून पेन पुन्हा टेकवलं, आणि तारीख घालता घालताच तिला दिसलं. चार, बारा, बावीस. तिने प्रत्येकाचा आकडा घेतला होता आणि एकाचीही तारीख घेतली नव्हती. पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात की तारखेशिवाय रीडिंग म्हणजे अफवा. चार तारखेला एक लाख एक्याण्णव. आठ दिवसांनी बारा हजार वाढले. पुढच्या दहा दिवसांत पंधरा हजार. रोजचे दीड हजार, थकलेल्या हप्त्यांचा दंड, रविवार नाही, सुट्टी नाही. तिने वहीच्या समासात पेन्सिलीने तीन टिंबं दिली आणि पट्टी ठेवून रेघ ओढली. तिन्ही एका रेघेत आली. इतकी सरळ रेघ तिला स्वतःच्या कामात कधी मिळाली नव्हती. ही मुलगी कुणाशीही एका शब्दाने खोटं बोलली नव्हती. ज्या दिवशी ज्याला सांगितलं त्या दिवशी जेवढं होतं तेवढंच सांगितलं होतं. आंधळा नमुना नव्हता तो. पाणी वाढत होतं, आणि एक मुलगी अधूनमधून कुणालातरी हाक मारून पातळी दाखवत होती, एवढंच. पण मग का दाखवत होती? ताईचा संशय मेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. जे खरं आहे तेही कशासाठी तरीच सांगितलं जातं. प्रयोगशाळेत प्रत्येक रीडिंगखाली दुसऱ्याची सही लागते. एकट्याने पाहिलेलं धरत नाहीत. तसं काही असेल. किंवा नसेल. तिने टिंबं खोडरबराने पुसली. पट्टीची रेघ कागदात उमटली होती, ती गेली नाही.

सरांना जाऊन सांगायला हवं होतं, असं ती चार दिवस स्वतःला म्हणत राहिली. काय सांगायचं? कर्ज खरं आहे, हे? त्याने काय सुधारणार होतं? ती गेली नाही. तीस तारखेला अकरा वाजता सरांनी धाकटीला बोलावलं आणि ती दहा मिनिटांत बाहेर आली. सध्या काम कमी आहे, करार पुढे वाढवता येत नाही. तपासायच्या बाटल्यांची खोकी दारापर्यंत रचलेली होती आणि धाकटी त्यांना वळसा घालून आपल्या टेबलाशी आली. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन मागच्या जिन्यावर ताईशेजारी येऊन बसली. तिथल्या खिडकीतून खालचं आवार दिसे. ड्रायव्हरकाका एकटेच रिकाम्या बाटल्या व्हॅनमध्ये चढवत होते. मघाशी त्यांनी ताईला विचारलं होतं, धाकटी रुसली का माझ्यावर? समोरून आली आणि खोकं न घेताच गेली.

"काकांनी सांगितलं सरांना," धाकटी म्हणाली. "सर म्हणाले ना, एक लाख एक्याण्णव. तो आकडा फक्त काकांकडे होता. बाईंकडे तीनचा, तुमच्याकडे अठराचा." तिने डब्याचं झाकण काढलं. "मुद्दाम नव्हतं केलं हो ताई. निघालं तसं."

सरांनी पाकिटावरचा पहिला आकडा वाचला असणार, बाकीचे वाचायची गरज त्यांना वाटली नसेल. ताईने खाली पाहिलं. काका वाकून एक बाटली उचलत होते, कमरेवर हात ठेवून. आता एकच वाक्य होतं. दोन शब्दांचं. मी सांगितलं. ते म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तोंडातून वेगळंच बाहेर पडलं.

"माझ्यावर तीन लाख चाळीस हजारांचं आहे."

धाकटी वळून तिच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, आजचा आकडा का? आजचाच, ताई म्हणाली. भावासाठी जामीन राहिले होते. आईला माहीत नाही. तिने आपला डबा उचलून पलीकडच्या पायरीवर ठेवला आणि ताईच्या जवळ सरकली, खांदा खांद्याला लागेल इतकी. त्या खांद्याची ऊब ताईला कापडातून जाणवली, आणि छातीतलं काहीतरी सैल झालं, अगदी खरोखरीचं, जसं कुणी कबुली दिल्यावर व्हावं. तिला ते थांबवता येईना. सरांच्या फाइलमध्ये तिचं निरंक होतं आणि ते खोटं ठरवायला पुरेल एवढं आता या मुलीच्या हातात होतं. हे आपण प्रायश्चित्त म्हणून दिलं की लाच म्हणून, की ते दुसरं वाक्य आत दाबून ठेवायला हेच एक झाकण हाताशी होतं म्हणून, याचा तिला थांग लागत नव्हता. एवढं मात्र कळत होतं की दोन वाक्यांपैकी हे सोपं निघालं. गेली तीन वर्षं तिला वाटत होतं की याहून अवघड काही नाही.

"बरं वाटतं ना?" धाकटीने विचारलं.

"हो."

"मलापण वाटायचं." तिने घास घेतला, सावकाश चावला. खाली काकांनी व्हॅनचं मागचं दार आपटलं आणि वर खिडकीकडे पाहिलं. दोघींपैकी कुणी हात केला नाही. "गंमत आहे बघा ताई. किती आहे ते एकदा सांगितलं ना, की पुढचं कुणी विचारतच नाही."

ताईने तिच्याकडे पाहिलं. धाकटी डब्याच्या कोपऱ्यातलं उरलंसुरलं बोटाने गोळा करत होती, फार लक्ष देऊन, आणि तिच्या चेहऱ्यावर टोपी आणि डोकी म्हणतानाचं तेच हसू होतं. हिच्याही आकड्याखाली एखादं दुसरं वाक्य दडलेलं असेल; पण पुढचं म्हणजे काय, ते ताईने विचारलं नाही. धाकटीनेही तिला काही विचारलं नाही. सुट्टी संपेपर्यंत दोघी तशाच खांद्याला खांदा लावून बसून राहिल्या.